देवीच्या खांद्यावरच्या मुंग्या

माझे दाजी मुकुंदराव घराबाहेर पडताना गॅसचा कॉक बघतात, कुलूप लावतात, कुलूप काढून परत कॉक बघतात आणि रिक्षात बसल्यावर माझ्या थोरल्या बहिणीला विचारतात, "अंबू, कॉक बंद होता न?"

"नव्हता. मुद्दाम चालू ठेवून आलेय," अक्का म्हणते.

दाजी हसत नाहीत. रिक्षावाल्याला थांबायला सांगतात. हे मी स्वतः पाहिलंय, हुबळीच्या देशपांडे नगरातल्या त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी आम्ही एका लग्नाला निघालो होतो. अक्षता चुकल्या, जेवण तेवढं मिळालं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचे दाजी तोंड न पोळताच फुंकत आले, असं मी बरीच वर्षं चारचौघांत सांगून हशा मिळवला. ते पुरतं खरं नव्हतं. दाजी वीजखात्यात सुरक्षा अधिकारी होते. खांबांवर कवटीच्या पाट्या आहेत का, लाइनमनच्या हातात मोजे आहेत का, हे बघत गावोगाव हिंडायचं. आणि कुणाला शॉक बसून काही बरंवाईट झालं, तर त्याच्या घरी जाऊन सांगायचं कामही बहुतेक वेळा त्यांच्याच गळ्यात पडायचं. अळणावरकडच्या दगडू नावाच्या लाइनमनच्या घरी ते असेच गेले होते. त्याची बायको लक्कव्वा दारात उभी राहून पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिली, "सकाळी डबा घेऊन गेल्यात की साहेब. डबा घेऊन गेल्यात." डबा घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी परत येतो, असा तिचा साधा समज होता. दाजींचा तो समज त्या दारात गेला, तो परत आला नाही.

मग घरात नियम आले. ओल्या हातानं बटण लावायचं नाही. अंधारात मोरीत जायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, दाजींनी धरल्याशिवाय स्टुलावर चढायचं नाही. ते स्टूलही त्यांनी सुताराकडून मुद्दाम करवून घेतलं होतं, खाली पाय फाकलेले आणि पायांना रबरी टोप्या. अक्का त्याला दाजींचा धाकटा भाऊ म्हणायची.

अक्काचं तंत्र सगळं उलटं. ती मराठी शाळेत चौथीच्या वर्गावर होती. निवृत्त झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून नृपतुंग टेकडीवर चालायला गेली. तिथं तिला बायकांचा एक गट भेटला. गटाच्या म्होरक्या होत्या योगिता डॉक्टर, दातांच्या. वर्षभर टेकडी चढून झाल्यावर या बायकांना टेकडी पुरेना. उत्तराखंडातला एक ट्रेक ठरला. सहा दिवस चालायचं, तंबूत राहायचं, शेवटी बर्फ. अक्कानं बूट घेतले. बूट आधी पायात मुरवावे लागतात असं कुणी तरी सांगितलं, म्हणून ती नऊवार नव्हे तरी चांगली काठाची साडी नेसून, पायात ते जाड बूट घालून घरात भाकरी थापायची. मी एकदा गेलो तर ओट्याशी उभी राहून पायानं ताल धरत होती. मी म्हटलं, "अक्का, घोड्याला नाल ठोकल्यासारखं दिसायलंय." तिनं उलथनं उगारलं.

दाजी मात्र आतून वाळत चालले होते. त्यांनी विरोध केला नाही असं नाही. वर ऑक्सिजन विरळ असतो, दरड पडते, खेचरं घसरतात, डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर. अक्का सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आणि हुबळीहून धारवाडला जाताना काय होत नाही? परवा आपल्या कोपऱ्यावरच्या दत्तात्रयला सायकलवरून येताना म्हशीनं पाडलं. म्हशीला ऑक्सिजन कमी पडला होता काय?"

यावर दाजी पुन्हा ऑक्सिजनवर यायचे. भीतीकडे उत्तर नसतंच, तिच्याकडे नुसती भीती असते.

शेवटी अक्काच म्हणाली, "असं करू, देवीला विचारू. हो म्हणाली तर तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. नाही म्हणाली तर मी बोलणार नाही."

दाजींच्या घराण्यात कौल लावायची रीत आहे. लग्न, घर, ऑपरेशन, काहीही मोठं असलं की कुलदेवी यल्लम्मेला विचारतात. देवघरात वीतभर पितळी मूर्ती आहे. घरच्या कर्त्या पुरुषानं आंघोळ करून, शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. बाकीच्यांनी डोळे मिटून बसायचं. पाणी सुकत आलं की एक पाकळी गळते. उजवी गळली तर हो, डावी गळली तर नाही. एकदा देवी बोलली की त्या घरात अपील नाही. मी वकील माणूस, पण अशी पक्की कचेरी मी दुसरी पाहिलेली नाही.

त्या शुक्रवारी डावी गळली.

अक्का काहीच बोलली नाही. शब्दाला पक्की. बूट पुसून खोक्यात घातले आणि खोकं दाजींना माळ्यावर टाकायला सांगितलं. पुढचे काही दिवस घरात भाकरी जाड होत होती, एवढाच काय तो निषेध. कौलाच्या दिवशीच दुपारी देवघर झाडताना तिला देवीच्या उजव्या खांद्यावर मुंग्यांची रांग दिसली. "बघा हो," ती दाजींना म्हणाली, "देवीला मुंग्या लागल्यात. काही तरी गोड होणार घरात." दाजींनी ओलं फडकं आणून देवीचा खांदा पुसला. चांगला घासून पुसला.

मे महिना आला. बायका गेल्या. अक्कानं त्यांना स्टेशनवर जाऊन चिवडा दिला, डोक्यावरून हात फिरवले आणि घरी येऊन लोणच्याचा घाट घातला. कैऱ्या फोडून झाल्या. मोठी बरणी माळ्यावर होती. अक्का स्टुलावर चढली, दाजींनी नियमाप्रमाणे स्टूल दोन्ही हातांनी धरलं. बरणी अक्काच्या हातात आली आणि त्याच वेळी दाजींच्या खिशातला फोन वाजला.

"कुणाचं?" अक्कानं वरूनच विचारलं.

दाजींनी एक हात सोडून फोन काढला. "योगिता डॉक्टरांचं. फोटो आलेत."

"आलेत? बघू, बघू."

चष्म्याशिवाय दाजींना दिसत नाही. खिशातला चष्मा काढायला त्यांनी दुसरा हात सोडला. फोटोत बर्फात उभ्या राहिलेल्या बायका होत्या, टोप्या घातलेल्या, दात दाखवणाऱ्या, धडधाकट. अक्का बघायला खाली वाकली आणि बरणीसकट पडली. स्टूल जागचं हललं नाही.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी आणि स्क्रू बसले. अक्का उठून चालायला लागली खरी, पण डावा पाय ओढत, हातात काठी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घरात चाला, सपाट रस्त्यावर चाला, टेकडी विसरा.

आता खरी गोष्ट सुरू होते. ट्रेकहून परतलेल्या बायका सफरचंदं घेऊन तिला बघायला आल्या. काय बोलावं ते त्यांना कळेना. अक्काच उशीला टेकून त्यांना म्हणाली, "तुम्ही तोंडं काय पाडलीत? अगं, माझं पडणं लिहिलेलंच होतं. तिथं वर पडले असते तर? खेचरावर घालून आणलं असतं काय मला? देवीनं मला अडवलं आणि इथं पाडलं, दवाखाना समोर असताना. आईच्या मायेनं पाडलं की मला."

हे तिनं एकदा सांगितलं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. हिंडायला फिरायला लागल्यावर देवीची ओटी भरली, अख्ख्या गल्लीत धारवाडी पेढे वाटले. रोज सकाळी काठी भिंतीला टेकवून ती देवघरासमोर उभी राहायची आणि मोठ्यानं म्हणायची, "वाचवलंस बाई." गल्लीतल्या बायका आपापले प्रश्न घेऊन यायला लागल्या. कुणाचा मुलगा पुण्याला नोकरीला जाऊ का विचारी, कुणाला बोअर मारायची होती. पाकळ्या लावायच्या दाजींनी. त्यांचा हात थरथरायचा. बायका म्हणायच्या, "किती श्रद्धा बघा."

आणि दाजींनी अक्काचं केलं तरी किती. वेणी घातली, पायाला तेल चोळलं, भाकरी थापायला शिकले. त्यांच्या भाकरीचा नकाशा व्हायचा, अक्का मुकाट्यानं खायची. नवरा असावा तर असा, असं सगळी गल्ली म्हणू लागली. मीही म्हटलं, अगदी त्यांच्या तोंडावर. ते उठून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून बसले. मला वाटलं, माणूस हळवा झालाय.

एका शनिवारी ते माझ्या धारवाडच्या घरी आले. स्वतःची गाडी असून चिगरी बसनं आले, कारण चिगरीला वेगळा रस्ता आहे आणि समोरून कुणी येत नाही. चहा घेतला नाही. माझ्या अशिलांच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गुरू, मी देवीला मध लावला."

"बरं की. पंचामृतात लावतातच."

"तसं नव्हे. उजव्या खांद्याला. पाकळीखाली."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा पहिल्यांदा आठवल्या त्या मुंग्या, कारण ती मुंग्यांची गोष्टही अक्कानं मला शुभशकुन म्हणून सांगितली होती. त्या शुक्रवारी पंचामृतासाठी काढलेली मधाची वाटी दाजींच्या हाताशी होती. अक्का डोळे मिटून बसली होती. दाजींनी मधाचं बोट उजव्या पाकळीखाली टेकवलं. मधानं पाकळी धरून ठेवली, पाण्यानं नाही. डावी गळणारच होती.

मी त्यांना वाट्टेल ते बोललो. मोठ्या दाजींशी बोलू नये ते सगळं बोललो. माझ्या बहिणीनं आयुष्यभर चौथीची पोरं सांभाळली, तुमचे कॉक सांभाळले, तिला एकदा सहा दिवस जायचं होतं, ते तुम्ही चमच्याभर मधानं पुसलंत, असं म्हणालो. ते मान खाली घालून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "अजून बोल की. मला बरं वाटायलंय."

मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"ती पडली," दाजी म्हणाले, "त्यात मी हात सोडला हे एक पाप. पण हात कुणाचाही सुटतो, असं मी मनाला सांगू शकतो. हे दुसरं सांगता येत नाही गुरू. रोज सकाळी ती देवीला म्हणते, वाचवलंस. मी मागं फुलं निवडत असतो. माझ्या अंगावर काटा येतो."

"मग सांगा तिला. आज घरी जा आणि सांगा."

"सांगितलं तर ती कशावर उभी राहील?" दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "ती पायावर उभी नाही रे. ती त्या कौलावर उभी आहे. देवीनं वाचवलं म्हणून तिला त्या पायाचं काही वाटत नाही. ते काढून घेतलं, तर उरतो नुसता मोडका पाय."

कोर्टात मी शिक्षा चुकवायला धडपडणारी माणसंच बघत आलो. शिक्षा हवी असून ती घ्यायला घाबरणारा हा पहिलाच. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती, आणि दोन्हीपैकी एक धरून बसता येत नव्हतं. जाताना ते बसस्टॉपवर पांढऱ्या पट्ट्याच्या कितीतरी मागं उभे राहिले. गुन्हेगारालाही सुरक्षा नियम सुटत नाहीत, असं वाटून मला त्या स्थितीतही हसू आलं.

दिवाळीनंतर दीपश्री आली. दाजींची एकुलती एक लेक, बेंगळूरात नोकरी करते. जेवताना तिनं सांगितलं की तिला डिसेंबरात बर्फातल्या ट्रेकला जायचंय, हिमालयात. आईच्या वेळेपेक्षा कठीण.

मीही त्या दिवशी जेवायला होतो. सगळ्यांचे हात ताटात थांबले. अक्का म्हणाली, "देवीला विचारल्याशिवाय नाही."

"आई, मी रोज बेंगळूरात स्कूटरवरून ऑफिसला जाते. मागं ट्रक, पुढं ट्रक, मधी मी. त्याला तुम्ही कधी कौल लावला नाहीत."

"ते रोजचं आहे."

"रोजचं म्हणूनच म्हणतेय की."

"दीपू," अक्कानं काठीवर हात ठेवला, "माझ्याकडं बघ. मीही अशीच हौसेनं निघाले होते. देवीनं अडवलं म्हणून आज तुझ्यासमोर बसून जेवायलेय. हो म्हणाली तर मी स्वतः तुला स्टेशनवर सोडीन. नाही म्हणाली तर माझ्यासाठी थांब."

आईच्या पायाकडे बघून दीपश्रीचा विरोध मावळला. "बरं," ती म्हणाली, "देवी नाही म्हणाली तर नाही जाणार. वचन."

लेकीनं हिमालयाचं नाव काढलं तेव्हाच दाजींचा चेहरा उतरला होता. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. चोराच्या मनात चांदणं, पण इथं चोराच्या मनात बापही होता.

शुक्रवारी सकाळी मी मुद्दाम हुबळीला गेलो. दाजी ओल्या पंच्यानिशी देवघरासमोर बसले होते. मधाची वाटी त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवायला लावली. हात धुतले. परत धुतले. मग मला म्हणाले, "गुरू, तू इथं माझ्या शेजारी बस. आणि डोळे मिटू नकोस."

अक्कानं चमकून बघितलं. "ही काय नवीन रीत?"

"असू दे," दाजी म्हणाले.

मी बघितलं. नुसतं पाणी. शेवंतीच्या दोन पिवळ्या पाकळ्या, एक या खांद्यावर, एक त्या. दाजींनी प्रश्न विचारला तो एवढा हळू की देवीलाच ऐकू जावा. मग आम्ही थांबलो. बाहेर कुणी तरी जुने पेपर मागत सायकलवरून गेलं. पाकळ्या सुकत आल्या. एक कड उचलली गेली, पाकळी घसरली आणि देवीच्या पायाशी पडली.

डावी.

अक्कानं डोळे उघडले. पाकळी बघितली, हात जोडले. "बोलली बाई," ती म्हणाली. दीपश्री काही वेळ देवीकडे बघत राहिली. "बरं आई," म्हणाली आणि नाव रद्द करायला फोन घेऊन उठली.

मी दाजींकडे बघितलं. त्यांचे खांदे खाली आले होते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हा माणूस सैल पडलेला मी बघत होतो. लेक घरी राहणार होती. त्यांनी काहीही केलं नव्हतं, मी साक्षीला होतो, देवीनं आपणहून त्यांच्या मनासारखं केलं होतं. आता गप्प बसलं की झालं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. मला वाटलं, हे आता बोलत नाहीत. खरं सांगायचं तर मीही त्यांच्या जागी बोललो नसतो.

"दीपू, थांब," दाजी म्हणाले. "फोन खाली ठेव."

मग ते अक्काकडे वळले. बसल्या जागी, ओल्या पंच्यात, त्यांनी सगळं सांगितलं. मध. उजवा खांदा. पाकळीखाली बोट. "तुझ्या वेळचा कौल देवीचा नव्हता अंबू. माझा होता. मला भीती वाटत होती."

अक्का देवीच्या उजव्या खांद्याकडे बघत राहिली.

"म्हणून मुंग्या," ती म्हणाली.

दीपश्री आईजवळ येऊन बसली. मी चटईच्या काड्या मोडत होतो. अक्का बोलली तेव्हा तिचा आवाज शाळेतल्या बाईंचा होता, पोरानं खोटं बोलल्यावर ओरडायच्या आधीचा.

"गल्लीभर पेढे वाटले मी."

"हो."

"रोज हात जोडले. तुम्ही मागं बसून फुलं निवडत होतात."

"हो अंबू."

"बरं, मला एक सांगा. मी वर गेले असते, तर पडले असते काय हो?"

दाजी पंच्याचं टोक पिळत राहिले.

"सांगा की. बर्फात त्या बायकांच्या मधी मीही दात काढून उभी राहिले असते, की खेचरावरून खाली आले असते? इतके दिवस मला वाटत होतं की मला माहीत आहे." तिचा आवाज तिथं फाटला. "आता कुणाला विचारू? याचं उत्तर कुणाकडंच नाही आता. पायाचं काय घेऊन बसलाय, पाय कुणाचाही मोडतो. हे घेतलंत तुम्ही माझं."

दाजी रडत होते. त्यांनी तिचा हात धरायला हात पुढं केला, अर्ध्यावर मागं घेतला. माफ कर असं ते म्हणाले नाहीत. ते बरं केलं त्यांनी, तिनं ते ऐकून घेतलं नसतं.

दीपश्रीनं हळूच विचारलं, "अप्पा, मग आजचा?"

"आजचा खरा. मामाला विचार."

"खरा आहे," मी म्हटलं. "पाणीच होतं. मी बघत होतो."

अक्कानं पदरानं डोळे पुसले, काठी ओढून घेतली आणि उभी राहिली. "खरा असेल. पण ज्या हातानं एकदा देवीला फसवलं, त्या हाताचा कौल या घरात चालत नाही."

"मग मी लावू का पाकळ्या?" दीपश्रीनं विचारलं.

"नको. सारखं सारखं विचारायला देवी काय स्टेशनातली चौकशीची खिडकी आहे? तिला सुम्नं गप बसू दे जरा." ती लेकीसमोर उभी राहिली. "तुला जायचंय?"

"जायचंय."

"भीती वाटते?"

"वाटते की."

"मग जा. वाटत नाही म्हणाली असतीस तर सोडलं नसतं." आणि दाजींकडे न बघता म्हणाली, "अप्पांना वाटते ती अप्पांची. त्यांनी ती स्वतःपाशी ठेवायची. दुसऱ्याच्या खांद्याला चिकटवायची नाही."

मग ती स्वयंपाकघराकडे निघाली. पाय ओढल्याचा आवाज सगळ्या घरात येत होता. माळ्याखाली जाऊन थांबली.

"अहो," तिनं हाक मारली. "स्टूल आणा."

दाजी उठले. "काय हवंय? मी काढतो. दीपू काढेल."

"स्टूल आणा म्हटलं."

त्यांनी स्टूल आणलं. रबरी टोप्यांचं, पाय फाकलेलं. अक्कानं काठी माझ्या हातात दिली. दीपश्रीचा खांदा धरून आधी उजवा पाय वर ठेवला, मग दुखरा पाय हातानं उचलून घेतल्यासारखा वर घेतला. मी अडवायला पुढं झालो, तिनं नुसतं बघितलं. मी मागं सरलो. दाजी खाली बसले आणि त्यांनी स्टुलाचे दोन पाय दोन्ही हातांनी धरले. बोटं पांढरी पडली होती.

अक्कानं माळ्यावर हात घातला. जुने डबे सरकवले, बूट ठेवलेलं खोकं पुढं ओढलं. झाकण उघडून बूट बघितले. तळ अजून नवाकोरा होता, फक्त टाचेशी जोंधळ्याचं पीठ वाळून बसलेलं होतं.

"माझ्याच मापाचा पाय तुझा," ती दीपश्रीला म्हणाली. "आधी घरात घालून मुरव. भाकरी थापताना घाल."

दीपश्रीनं बूट घेतले. तिला रडू आवरत नव्हतं. त्याच वेळी दाजींच्या खिशातला फोन वाजला. वाजत राहिला. कुणी तरी चिकाटीनं करत होतं. दाजींनी हात हलवला नाही. फोन आपोआप बंद झाला.

"उतर आई," दीपश्री म्हणाली.

"थांब जरा," अक्का म्हणाली.

ती वर उभी राहिली. एक हात माळ्याच्या कडेला, एक मोकळा. तिथून तिला खिडकीबाहेरचं काय दिसत होतं कोण जाणे, ती बघत होती. दुखरा पाय थरथरत होता, ते आम्हा तिघांनाही दिसत होतं.

"धरलंय न?" तिनं वरून विचारलं.

"धरलंय," दाजी म्हणाले.

उतर असं त्यांना म्हणायचं होतं. ओठ हललेले मी बघितले. पण ते म्हणाले नाहीत. खाली बसून, मान वर न करता, ती सांगेपर्यंत ते स्टूल धरून राहिले.